आयर्लंड वि. इंग्लंड, १ फेब्रुवारी २०२५, डब्लिन : दहा नंबरची जर्सी कोणाला?

लिफीकाठचा (धागाकर्ता)

शनिवारी अविवा स्टेडियमवर इंग्लंड. रग्बीच्या सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेतला आपला पहिलाच सामना. ('आपला' म्हटलं म्हणून कोणी देशप्रेम काढू नये, इथे टॅक्स भरतो.) संघ अजून जाहीर व्हायचाय, म्हणजे अक्कल पाजळायची हीच वेळ.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. नेहमीचे कोच अँडी फॅरेल यंदा लायन्सच्या (ब्रिटन-आयर्लंडचा निवडक संघ) ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी बाजूला झालेत, त्यांच्या जागी तात्पुरते सायमन ईस्टरबी. आयर्लंडने २०२३ मध्ये ग्रँड स्लॅम (पाचही सामने जिंकून विजेतेपद) मारला, २०२४ मध्ये पुन्हा विजेतेपद. लागोपाठ तीन वर्षं ही स्पर्धा एकट्याने जिंकणं आजवर एकाही देशाला जमलेलं नाही. पण नोव्हेंबरात न्यूझीलंडने इथेच येऊन २३-१३ ने धुतलं आणि घरच्या सलग १९ विजयांची मालिका तुटली. नंतर अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलियाला हरवलं खरं, पण दोन्ही वेळा २२-१९, आणि दोन्ही वेळा जीव टांगणीला.

आता मुद्दा. दहा नंबर म्हणजे फ्लाय-हाफ, ज्याच्या हातातून प्रत्येक निर्णय जातो. २०२३ च्या वर्ल्ड कपनंतर जॉनी सेक्स्टन निवृत्त झाला. गेल्या वर्षी ही स्पर्धा जॅक क्राउलीने (मन्स्टर; इथे चारही प्रांतांचे आपापले संघ असतात) खेळून काढली आणि आपण जिंकलो. नोव्हेंबरात मात्र फिजी आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुरुवात सॅम प्रेंडरगास्टने (लेन्स्टर) केली. वय २१.

माझं मत प्रेंडरगास्टला. डावीकडे बघत उजवीकडे वीस-पंचवीस मीटरचा पास टाकणारा दुसरा कोणी सध्या या देशात नाही. शिवाय नऊ नंबरचा गिब्सन-पार्क, तेरावर रिंगरोझ, मागे कीनन, विंगला (कडेला, ११ नंबर) लो, सगळे लेन्स्टरचे. तो या सगळ्यांबरोबर क्लबात खेळतोच आहे. ११ नंबर धावायला लागला की बॉल कुठे पडायला हवा हे त्याला सांगावं लागत नाही.

बोला आता.

कॉर्ककर

आला! लेन्स्टर लॉबीचा पहिला मोर्चा आला!

लिफीदादा, तुमचं सगळं लॉजिक 'बाकीचे लेन्स्टरचे आहेत म्हणून दहावाही लेन्स्टरचा' इथवरच येऊन थांबतं. हेच मुंबईने चाळीस वर्षं केलं आणि विदर्भ-महाराष्ट्राची पोरं रणजीत धावा कुटत बसली. मग बाकीच्या तीन प्रांतांनी तिकिटंच काढायची का फक्त?

क्राउलीने काय चूक केली ते सांगा. ज्याने स्पर्धा जिंकून दिली त्याला पुढच्या वर्षी बेंचवर? जुलैत दक्षिण आफ्रिकेत जाऊन मालिका १-१ केली तेव्हा दहाला हाच होता. डर्बनला शेवटच्या क्षणी ड्रॉप गोल (खेळता खेळता बॉल टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक) मारून फ्रॉलीने सामना काढला म्हणून सगळे फ्रॉलीच्या नावाने नाचले, पण तोवर सामना हातात ठेवला कोणी?

आणि मुख्य म्हणजे टॅकल, बॉल घेऊन येणाऱ्याला धरून पाडणं. इंग्लंडकडे ऑली लॉरेन्स आहे, १२-१३ ला खेळणारा रणगाडा. तो पहिल्या पाच मिनिटांत सरळ तुमच्या सॅमच्या अंगावर सोडणार. मार्कस स्मिथ मागून बघत बसेल. क्राउली त्याला खाली पाडेल. प्रेंडरगास्ट फार तर त्याला रस्ता विचारेल.

सौ_ब्लॅकरॉक

कॉर्ककर, 'रस्ता विचारेल' 😂

पण यात तथ्य आहे हो. माझा धाकटा इथल्या क्लबात मिनी रग्बी खेळतो, रविवारी सकाळी चिखलात मी काठावर थर्मास घेऊन उभी असते. आठ वर्षांच्या पोरांना पहिली गोष्ट शिकवतात ती टॅकलची. आधी पाय जवळ न्यायचे, मग गुडघ्यात वाकायचं, डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं आणि आपला गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटवायचा. ('चीक टू चीक' म्हणतात आणि पोरं दर वेळी खिदळतात.) प्रेंडरगास्ट नेमका पहिल्या पायरीला कमी पडतो. उंच, शिडशिडीत आहे, पाय लांब ठेवतो आणि उभ्या-उभ्या हात घालतो. फिजीच्या सामन्यात त्याला यलो कार्ड मिळालं तेही याच सवयीतून: वाकला नाही आणि खांदा वर लागला.

तरी मी त्यालाच घेईन. टॅकल शिकवता येतो, आणि घरच्या मैदानावर नाही शिकवणार तर कुठे?

कॉर्ककर

ताई, इंग्लंडविरुद्ध शिकवणी? गेल्या मार्चमध्ये ट्विकनहॅमला याच मार्कस स्मिथच्या शेवटच्या ड्रॉप गोलने २३-२२ ने हरलो आणि ग्रँड स्लॅम गेला. ती जखम अजून ओली आहे. प्रयोग इटलीविरुद्ध करा.

गॉल्वेकर

कॉनाख्टतर्फे निषेध नोंदवतो. दर वेळी लेन्स्टर-मन्स्टरच्या भांडणात आमचा ॲकी गृहीत धरला जातो. दहाला कोणीही असो, त्याच्या शेजारी बाराला बंडी ॲकी असला की अर्धे टॅकल तोच करतो. लॉरेन्स त्याच्यावर येऊ दे की. दोघांचीही हाडं मोजून घेऊ.

आणि प्रेंडरगास्टचा थोरला भाऊ कियन आमच्याकडे खेळतो, त्यामुळे मी तटस्थ आहे.

गहुंजे_एक्सप्रेस

पुण्याहून एक बाळबोध प्रश्न. ॲकी, गिब्सन-पार्क, लो हे तिघेही न्यूझीलंडचे ना? मग आयर्लंडकडून कसे?

लिफीकाठचा

रेसिडेन्सी. ते आले तेव्हा तीन वर्षं इथे राहून खेळलं की पात्र होता येत होतं. आता पाच वर्षं केलीत. मॅक हॅन्सन ऑस्ट्रेलियात वाढला पण त्याची आई कॉर्कची, त्याला थेट प्रवेश.

(अवांतर : मला पासपोर्टसाठीही पाच वर्षंच लागली. टीममधून मात्र अजून फोन नाही.)

कॉर्ककर

पोट आत घ्या, मग येईल.

मराठमोळा_मीथ

मी इथे इतकी वर्षं आहे, हे दहा नंबरचं भांडण कधी संपलेलं बघितलं नाही. ऑफिसातला एक साठीचा आयरिश गृहस्थ अजून १९७९ उकरून काढतो. तेव्हा टोनी वॉर्ड हा देशाचा लाडका होता. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर त्याला बसवून ऑली कॅम्पबेलला खेळवलं. इकडे हाहाकार. आयर्लंडने दोन्ही टेस्ट जिंकल्या, तरी लोक वर्षानुवर्षं वॉर्डची बाजू घेऊन भांडत राहिले.

मग ओ'गारा आणि सेक्स्टन. २००९ ला कार्डिफमध्ये ओ'गाराच्या ड्रॉप गोलने ग्रँड स्लॅम मिळाला, आणि त्याच वर्षाअखेरीस सेक्स्टनचं पदार्पण. पुढची तीन-चार वर्षं आलटून-पालटून. तेव्हाही मन्स्टर वि. लेन्स्टर, तेव्हाही हेच सगळे डायलॉग. मजा म्हणजे नंतर त्याच सेक्स्टनला कोणी नावं ठेवली की मन्स्टरची मंडळीही अंगावर यायची.

तीन_नंबरी

सगळा धागा वाचला. सगळे दहा नंबरवर भांडताय, आणि खरी बोंब तीन नंबरवर आहे. कोणाच्या लक्षात तरी आलंय का?

मी ठाण्यात असतो. तरुणपणी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात प्रॉप (पहिल्या रांगेतला कडेचा गडी) खेळलोय, त्यामुळे पास-बीस मला कळत नाहीत, स्क्रम कळतो, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी अडकवून एकमेकांना रेटतात तो. आयर्लंडचा टाइटहेड टाइग फर्लाँग फिट आहे का नाही यावर शनिवार ठरणार आहे. नोव्हेंबरात तो नव्हता. आत्ताही बातम्या बऱ्या नाहीत.

टाइटहेड म्हणजे पहिल्या रांगेतला उजवीकडचा, जर्सी तीन. समोरच्या लूझहेडचा (त्यांच्या डावीकडच्या प्रॉपचा) बाहेरचा खांदा मोकळा असतो, म्हणून तो 'लूझ'. टाइटहेडला ती सोय नाही. त्याचं डोकं समोरच्या लूझहेड आणि हुकर (पहिल्या रांगेतला मधला) या दोघांच्या मध्ये जातं, म्हणजे दोन्ही खांद्यांवर माणूस. मागून स्वतःच्याच लॉकचा (दुसऱ्या रांगेतल्याचा) खांदा ढुंगणाला, त्यामागे आणखी रेटा. पाठ सपाट ठेवायची, पाय मागे, आणि उजवीकडून लूझहेड छातीखाली शिरून वर उचलायला बघतो ते होऊ द्यायचं नाही. कंबर एक वीत वर गेली की संपलं, मग आठ जणांचा जोर तुमच्या मणक्यातून जातो. सोमवारी ऑफिसला शर्टाची कॉलर लागत नाही, कान सोलपटलेले, रिक्षात बसल्यावर मागे वळून बघता येत नाही. हे काम आयर्लंडमध्ये फर्लाँगसारखं करणारा दुसरा नाही.

आणि समोर कोण? एलिस गेंज. तो पहिल्या स्क्रमपासून शिरायला बघणार.

तरुण मंडळींना १७ मार्च २०१२ आठवत नसेल. ट्विकनहॅम, तेही सेंट पॅट्रिक्स डेला. आयर्लंडचा टाइटहेड माइक रॉस मान दुखावून पहिल्या हाफमध्येच बाहेर गेला. बेंचवर टॉम कोर्ट, मुळात डाव्या बाजूचा. त्याला उजवीकडे उभं केलं. पुढे जे झालं ते प्रॉप म्हणून मला बघवेना. स्क्रम मागे, पुन्हा स्क्रम, पुन्हा मागे, शेवटी पेनल्टी ट्राय. (ट्राय म्हणजे बॉल गोलरेषेपलीकडे टेकवणं; इथे नियमभंगामुळे रेफरीने तो थेट बहाल केला.) स्कोअर ३०-९. त्या दिवशी दहाला सेक्स्टन होता. काय केलं त्याने? काय करू शकणार होता? बॉल पायाशी येतो तेव्हा तुमचे आठही जण मागे सरकत असतील तर पंचवीस मीटरचा पास कोणाला टाकणार?

तेव्हा बेंचवर सात जण असायचे. आता आठ असतात आणि पहिल्या रांगेचा पूर्ण दुसरा संच ठेवावाच लागतो. पण संच असणं वेगळं आणि त्यात दम असणं वेगळं.

लिफीकाठचा

काका, दंडवत. पण फिनले बीलम आहे ना? ग्रँड स्लॅमच्या वर्षी फर्लाँग जखमी असताना त्यानेच तर भार उचलला होता.

तीन_नंबरी

बीलम चांगलाच आहे, नाही म्हणत नाही. ३३ वर्षांचा, घोटवलेला. प्रश्न तो दमल्यावरचा आहे. त्याच्या मागे थॉमस क्लार्कसन, ज्याचं पदार्पणच नोव्हेंबरात झालं. डाव्या बाजूला पोर्टरच्या मागे कियन हीली. ओ'ड्रिस्कॉलचा १३३ सामन्यांचा विक्रम मागे टाकलेला माणूस, आदर आहे, पण वय ३७. म्हणजे शेवटची वीस मिनिटं एका टोकाला आजोबा आणि दुसऱ्या टोकाला नातू.

निवड समितीसारखं एकेका जर्सीचं नाव घेऊन रग्बीची टीम निवडता येत नाही. तीन नंबर कच्चा असेल तर दहाला असा माणूस हवा जो मागे सरकणाऱ्या स्क्रममधूनही लांब किक मारून साठ मीटर बाहेर काढेल. तीन नंबर पक्का असेल तर धावणारा, टॅकल करणारा घ्या. आता ठरवा कोण ते.

कॉर्ककर

काका, तुम्ही फिरवून फिरवून प्रेंडरगास्टलाच आणलंत की!

तीन_नंबरी

मला नाव-गाव कळत नाही रे बाबा. लांब किक कोणाची?

सौ_ब्लॅकरॉक

सॅमची. निर्विवाद. जानेवारीत ला रोशेलमध्ये जाऊन लेन्स्टरने १६-१४ ने सामना काढला तो अशाच चेंगराचेंगरीत, आणि दहाला हाच होता. तिथल्या प्रेक्षकांपुढे २१ व्या वर्षी डोकं थंड ठेवलं पोराने.

कॉर्ककर

आणि क्राउलीचा क्लब ऑक्टोबरअखेरीस हेड कोचविना पडला, रॉनट्री गेले. त्या गोंधळात तो दर आठवड्याला उभा राहिला, त्याचे मार्क कोणी देत नाही. लेन्स्टरला डिफेन्स शिकवायला २०२३ चा वर्ल्ड कप जिंकलेला नीनाबर, आणि आम्हाला 'बघू, कोणीतरी शोधू'. परिस्थिती धरून फॉर्म मोजा ना.

गॉल्वेकर

हे मात्र मान्य. +१.

सौ_ब्लॅकरॉक

मलाही मान्य. आणि खरं बोलायचं तर लेन्स्टरचा फायदा कोचच्या आधीच सुरू होतो. ब्लॅकरॉक कॉलेज, सेंट मायकल्स या भरपूर फी घेणाऱ्या शाळांमध्ये पंधराव्या वर्षीच जिम, फिजिओ, व्हिडिओ बघून चर्चा, सगळं असतं. बॅंडनच्या बाजूचा क्राउलीसारखा मुलगा तिथून वर येतो तेव्हा तो जास्त चढण चढलेला असतो. पण कोचने शनिवारी चढण मोजायची की किक, हा प्रश्न उरतोच.

लिफीकाठचा

संघ जाहीर झाला!

कीनन, हॅन्सन, रिंगरोझ, ॲकी, लो, प्रेंडरगास्ट, गिब्सन-पार्क, पोर्टर, केलेहर, बीलम, रायन, बर्न, बेर्ड, व्हॅन डर फ्लिअर, डोरिस (कर्णधार).

बेंच : शीहान, हीली, क्लार्कसन, हेंडरसन, कोनन, मरे, क्राउली, हेन्शॉ.

फर्लाँग नाही. जो मॅकार्थीही नाही, कन्कशन (डोक्याला मार).

कॉर्ककर

सुरुवातीच्या पंधरांत मन्स्टरचा एक. एक! टाइग बर्न. आणि तोही मूळचा किल्डेअरचा, लेन्स्टरने सोडलेला. मी आजपासून हर्लिंग (इथला काठी-चेंडूचा पारंपरिक खेळ) बघणार.

गॉल्वेकर

कॉनाख्टचे तीन आहेत, बीलम, ॲकी, हॅन्सन. प्रगती आहे.

मराठमोळा_मीथ

मला बेर्डचं सहाला येणं आवडलं. लाइनआउटमध्ये (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये फेकून परत खेळात आणतात तिथे) बर्न, रायन आणि तो, तीन उंच पर्याय. इंग्लंडने करी जुळे दोघेही एकदम खेळवलेत, टॉम सहाला, बेन सातला. दोघेही जमिनीवरचा बॉल चोरण्यात पटाईत, पण हवेत फार उंची नाही. म्हणजे इटोजे आणि मार्टिनला झाकून टाकलं की त्यांचा लाइनआउट गडबडेल. ईस्टरबी स्वतः फ्लँकर (सहा-सात नंबर) होते, हा हिशोब त्यांनी केला असणार.

तीन_नंबरी

मॅकार्थी नाही याकडे कोणी बघितलं नाही. टाइटहेडच्या मागे ढकलणारा जड लॉकच गेला. म्हणजे बीलमच्या मागचं इंजिनही बदललं. रायन मेहनती आहे, पण वजनाला वजनच लागतं.

डॅन शीहान बेंचवर आहे हे उत्तम. जुलैत गुडघ्याचं लिगामेंट फाटलेला हुकर, आता परत आलाय. पन्नासाव्या मिनिटानंतर दमलेल्या इंग्लंडपुढे तो सुटला तर विंगरसारखा पळतो. माझ्या लेखी या संघातला सगळ्यात हुशार निर्णय दहाचा नाहीच, दोन नंबरला शीहान बाहेर ठेवण्याचा आहे.

आणि कॉर्ककर, बाळा, हेच क्राउलीला लावून बघ. मैदान मोकळं झाल्यावर, समोरचे दमल्यावर, धावणारा दहा उपयोगी पडतो. त्याला शिक्षा म्हणून नाही बसवलेलं.

कॉर्ककर

काका, तुमच्यासारखे समजावणारे मन्स्टरने पगारी ठेवायला हवेत. पण शेवटी उतरणाऱ्याला 'फिनिशर' म्हणतात तो शब्द मी मानणार नाही. वीस मिनिटं मिळणारा माणूस बेंचवरचाच असतो.

गहुंजे_एक्सप्रेस

शुक्रवार रात्र. आत्ताच भारत-इंग्लंड टी-२० बघून स्टेडियमवरून आलोय. शिवम दुबेच्या हेल्मेटला बॉल लागला म्हणून कन्कशन सब म्हणून हर्षित राणा आला आणि तीन विकेट काढून गेला! बटलर वैतागलाय की अर्धवट बॉलरच्या जागी पूर्ण फास्ट बॉलर कसा. आपण १५ धावांनी जिंकलो. रग्बीत असं चालतं का?

मराठमोळा_मीथ

रग्बीत कन्कशनची शंका आली की खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात, बारा मिनिटं. तोवर बेंचवरचा कोणीही तात्पुरता येतो. 'लाइक फॉर लाइक' वगैरे फक्त पहिल्या रांगेला, कारण तिथे भलत्याला उभं केलं तर मान मोडेल. नापास झाला की परत येत नाही, आणि पुढे टप्प्याटप्प्याने परवानगी मिळेपर्यंत खेळत नाही. मॅकार्थी म्हणूनच बाहेर आहे.

दोन दिवसांत दोन खेळांत इंग्लंड तक्रार करत घरी गेला तर मला चालेल.

सौ_ब्लॅकरॉक

महत्त्वाचं राहिलंच. शनिवारी माघी गणेश जयंती आहे! आमच्याकडे आरती साडेसहाला ठेवली होती, नवऱ्याने परस्पर चारची केली. भटजींनाही सांगून झालं, तेही अविवाकडे कान लावून. सोमवारी सेंट ब्रिजिडची सुट्टी आहे, त्यामुळे ज्यांना यायचंय त्यांनी या, उकडीचे मोदक आहेत. कॉर्ककर, मन्स्टरची लाल जर्सी घालून आलात तरी मोदक मिळेल. एक.

कॉर्ककर

एकावर एक बेंचवरचा द्या ताई. येतो.

अंदाज : आयर्लंड २४, इंग्लंड २०. क्राउली ५५ व्या मिनिटाला.

गॉल्वेकर

२६-१७. ॲकीचा ट्राय.

तीन_नंबरी

भारतात सव्वादहाला सुरू होतंय, जागा राहीन. आकडे मी सांगत नाही. पहिल्या तीन स्क्रमला बीलमची कंबर बघा, मग मला विचारा.

लिफीकाठचा

आयर्लंड २८-१८, सॅम सामनावीर, कॉर्ककरांचा जळफळाट. सामन्यासाठी उद्या वेगळा धागा काढतोय, रेफरीला शिव्या तिकडे द्या, इथे नको.